पिंपावरचा कागद

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा पद्मावतीनं धाकूला महिनाभर काही सांगितलंच नाही.

पहिल्या वेळी तिनं लगेच सांगितलं होतं. धाकूनं डिचोलीच्या बाजारातून पेढे आणले आणि खोल्यांच्या सगळ्या ओळीत वाटले. अकराव्या आठवड्यात सगळं गेलं. दुसऱ्या वेळी पेढे आणले नाहीत, पण चंदगडला धाकूच्या आईला फोन झाला, आईनं गावच्या देवीला नवस बोलला, आणि चौथा महिना भरता भरता तेही गेलं. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोलायचं नाही असं न ठरवताच ठरून गेलं. मये गावातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत दोघं एकमेकांशी भाजी, गॅस, पाणी, ड्युटी एवढंच बोलत.

त्यामुळे धाकूला कळलं ते तिच्या उलट्यांवरून. तो दारात चपला काढत होता. ती मोरीत वाकलेली होती.

"कितवा?" त्यानं विचारलं.

"तिसरा लागलाय."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला. एक चप्पल अजून पायातच होती.

धाकू गावडे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाइप बनवण्याच्या एका कारखान्यात सात वर्षं होता. बागेला पाणी घालायचे मऊ, रंगीत पाइप. तो मिक्सरवर असे. पांढरी पावडर, खडूची भुकटी, रंग आणि तेल एका मोठ्या तापलेल्या भांड्यात घालायचं, घुसळायचं आणि पुढच्या मशीनला द्यायचं. कुणी विचारलं तर तो अभिमानानं सांगे, पाइप बनतो तो माझ्या हातात, पुढं नुसता आकार देतात. ते तेल नसतं तर पाइप काडीसारखा मोडला असता. पावडरीच्या निम्म्यानं तेल पडायचं. हातमोजे होते, पण ओले झाले की पकड सुटायची, म्हणून तो बहुतेक वेळा उघड्या हातानंच काम करी. संध्याकाळी साबण लावला तरी तळव्यांवर तुकतुकी राहायची.

या वेळी पद्मावतीला दाखवायला ते नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉ. स्वाती म्हणून होत्या, चाळिशीच्या, बोलायला हळू. जुने कागद त्यांनी पान न पान वाचले. मग पद्मावतीला विचारायचं ते विचारून झालं, आणि त्या धाकूकडे वळल्या.

"तुम्ही काय काम करता?"

धाकू दचकला. दोन वेळा इतकं झालं, इतके डॉक्टर झाले, इतक्या बाया येऊन गेल्या, सगळ्यांनी पद्मावतीलाच विचारलं होतं. काय खाल्लंस, काय उचललंस, कुठं गेलीस, कुणाच्या पाया पडायची राहिलीस. त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

"पायपाच्या कंपनीत हाय. मिक्सरवर."

"मिक्सरमध्ये काय काय घालता?"

"पावडर, खडू, कलर, तेल."

"कसलं तेल?"

"डीओपी म्हणतात मॅडम. त्यानं पायप मऊ होतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या तेलाच्या पिंपावर कागद चिकटवलेला असतो ना? त्याचा फोनवर फोटो काढून आणाल?"

"आणतो की," धाकू म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो कागद कसा असतो ते त्याला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर रुद्रेश ऑफिसात चहा घेत असताना धाकू तेलाच्या पिंपांपाशी गेला. निळी पिंपं ओळीनं उभी होती. प्रत्येकावर कागद. कागदावर लाल चौकटीत एक चित्र होतं, माणसाचं, कमरेपासून वरचं, काळं. त्याच्या छातीत काहीतरी फुटल्यासारखी पांढरी चांदणी होती. खाली इंग्रजीत बारीक लिहिलेलं. सात वर्षं तो रोज हे चित्र बघत होता, आणि रोज त्याला ते हृदयविकाराच्या जाहिरातीसारखं वाटत आलं होतं. त्यानं फोटो काढला. घाईत पहिला धूसर आला, म्हणून दुसरा काढला.

डॉ. स्वातींनी फोटो मोठा करून वाचला आणि फोन त्याच्यापुढे ठेवला.

"मराठीत सांगते. 'प्रजननक्षमतेला अपाय होऊ शकतो. पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.'"

"परत एकदा वाचा मॅडम."

त्यांनी परत वाचलं.

पद्मावती बाहेर वजनकाट्यावर होती. तिला ऐकू गेलं नसावं. धाकूनं दार लोटलं.

"घरी येतं का यातलं काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कपडे? बूट?"

"कपडे. तीच धुते, हातानं." मग तो थांबला. "आणि पिंप."

"कसलं पिंप?"

"रिकामं झालेलं. कंपनी देते घेऊन जा म्हणून. आमच्यात पाणी एक दिवसाआड. धुऊन घेतलंय मॅडम, चांगलं सोड्यानं धुऊन, तीन दिवस उन्हात ठेवून…"

"त्यात काय ठेवता?"

"पाणी."

"कुठलं पाणी?"

"प्यायचं," धाकू म्हणाला. "सगळंच."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली. त्यांनी घाबरवलं नाही, पण खोटंही सांगितलं नाही. हे तेल प्लास्टिकात घट्ट बसून राहत नाही, हळूहळू बाहेर पडतं, त्या म्हणाल्या. श्वासातून, कातडीतून, खाण्यापिण्यातून अंगात जातं. ते शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं. ज्या बायकांच्या लघवीत ते जास्त सापडलं त्यांच्यात गर्भ पडणं, दिवस न भरता बाळंत होणं जास्त दिसलं आहे, असं अभ्यास सांगतात.

"म्हंजे ती दोन यामुळंच गेली?"

"ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. कारण न सापडताही कितीतरी गर्भ जातात."

"पण असू शकतं?"

"असू शकतं."

धाकूला वाटलं, बाईंनी हो म्हटलं असतं तरी सोसलं असतं, नाही म्हटलं असतं तर पाया पडलो असतो. हे मधलं कुठं घेऊन जायचं?

"एक चांगली गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "हे अंगात साचून राहत नाही. एक-दोन दिवसांत शरीर बाहेर टाकतं. रोज नवं जातं म्हणून रोज सापडतं. आत जाणं बंद करा. आजपासून."

मे महिना होता. त्या दिवशी नळ नव्हता. धाकूनं घरी येऊन काही न बोलता दारातलं पिंप आडवं केलं. चाळीसेक लिटर पाणी लाल मातीतून गटाराकडे गेलं. पद्मावती भांडं हातात घेऊन बाहेर आली.

"अवो, खूळ लागलं काय तुम्हाला? उद्यापतुर प्यायला काय?"

त्यानं सांगितलं. पिंपाचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, बाईंनी काय वाचलं ते सांगितलं. कागदाचं पूर्ण सांगितलं नाही.

अडीच वर्षांपूर्वी हे पिंप घरी आणलं तेव्हा त्याच्यावर तो कागद होता. लाल चौकट, काळा माणूस, चांदणी. पिंप निळंभोर, नव्यासारखं, आणि मधेच तो मळका कागद बरा दिसत नव्हता. धाकूनं सुरी घेऊन तो खरवडून काढला होता, डिंकाचा चिकटा जाईपर्यंत. त्यानं स्वतः. त्या माणसाची छाती सुरीच्या पात्यानं सोलून काढली होती, आणि मग पिंपावर फडकं मारून बायकोला म्हणाला होता, बघ, कसं दिसतंय.

हे तो बोलू शकला नाही. ती पिंपाकडे बघत उभी राहिली, भांडं तसंच हातात. नंतर तिनं विचारलं ते वेगळंच.

"आणि बाकीची?"

बाकीची पाच पिंपं. त्यानंच आणून दिली होती. आठ खोल्यांच्या त्या ओळीत सहा दारांत निळी पिंपं होती, आणि त्यातलं एक मालकीणबाईंच्या, शेवंताकाकीच्या अंगणात. काकीची सून साक्षी सहाव्या महिन्यात होती.

शेवंताकाकी तुळशीपाशी आंब्याची साठं उन्हात पसरत होती. धाकू पायरीवर उभा राहून सांगत गेला. काकीनं मान वर केली नाही. तो थांबला तशी म्हणाली, "धाकू, तू ह्यां पिंप माझ्या घरात घालताना माका काय सांगितलं हुतंस? 'काकी, धुऊन दिलंय, डोळे झाकून वापर.' सांगितलं हुतंस मरे?"

"सांगितलं व्हतं."

"माझ्या सुनेनं ह्याच पिंपातलां पाणी पिलां. आज सहा म्हयने."

"माझ्या बायकूनं बी."

काकी उठली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. "साक्षीक कळता कामा नये. समजलां? पोट घेऊन ती भियेली तर माका ते परवडायचां ना. पिंप तू आताच घेऊन जा. पाण्याचां मी बघतंय. तांब्याचो हंडो आसा वर."

तेवढ्या एका घरातून पिंप निघालं. बाकीच्या चार दारांत माणसं धाकूचं ऐकून घेत, मान हलवत आणि पिंप जागचं हलू देत नसत. संदीप म्हणून बेळगावकडचा गवंडी होता, तीन मुलांचा बाप. तो म्हणाला, "धाकूदा, तू म्हणतोस ते खरं असंल. पण परवा पाणी येणार. तवर पाच माणसांनी काय करायचं सांग. दुसरं काय देतोस?" धाकूकडे दुसरं द्यायला काही नव्हतं. तो परत फिरला. आपणच हातानं देऊन बसलेली वस्तू आपल्यालाच परत मिळत नाही, हे त्याला इतकं लागलं की रस्त्याच्या कडेला पिंपळाच्या बुंध्याला टेकून तो बराच वेळ उभा राहिला.

कारखान्यात त्यानं मिक्सरवरून काढून पॅकिंगला टाका म्हणून अर्ज दिला. रुद्रेशनं तो वाचला.

"कुणी भरवलंय हे तुझ्या डोक्यात?"

"पिंपावरच लिहिलंय सर."

"अरे, पिंपावर काय, पेट्रोल पंपावर पण लिहिलेलं असतं. मी बारा वर्षं या तेलात आहे. मला दोन मुलं आहेत." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली केला. "पॅकिंगला जागा नाही. मिक्सर तुझ्यासारखा दुसरा कुणी चालवत नाही. हातमोजे घाल, मास्क लाव. बायकोला म्हणावं कपडे वेगळे धू."

धाकूनं हातमोजे घातले. मास्क लावला. कंपनीतच अंघोळ करून दुसरे कपडे घालून घरी येऊ लागला. कामाचे कपडे स्वतः धुऊ लागला, तेही घरी न आणता. खोलीतलं जेवढं मऊ प्लास्टिक होतं तेवढं त्यानं काढलं. टेबलावरचं फुलाफुलांचं आच्छादन, मोरीचा पडदा, जमिनीवरची पुसली की चकचकणारी चटई, गॅसजवळ टांगलेल्या पिशव्या. डब्यातलं लोणचं काचेत गेलं. पद्मावती त्याच्याकडे बघत राही. एकदा ती म्हणाली, "आता मलाच काढून ठेवा बाहेर." दोघंही हसले नाहीत.

पाणी तो मंदिराजवळच्या विहिरीवरून कळशीनं आणी. सकाळी ड्युटीआधी चार खेपा, संध्याकाळी दोन.

चौथा महिना गेला. पाचवा गेला. सहाव्यात बाळ फिरू लागलं तेव्हा पद्मावतीनं पहिल्यांदा त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. धाकूनं हात चटकन मागं घेतला.

"काय झालं?"

"हात धुतो आधी."

"धुतलाय की आत्ताच."

तो तरी उठून धुऊन आला. तोवर बाळ शांत झालं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस साक्षीला मुलगा झाला. दिवस भरून, सव्वातीन किलोचा, रडला की ओळीतल्या शेवटच्या खोलीत ऐकू यावा असा. बारशाला शेवंताकाकीनं सगळ्यांना बोलावलं. धाकू दारात आला तसा संदीप मोठ्यानं म्हणाला, "आलं बघा आमचं पिंपवालं डॉक्टर. काय रे धाकूदा, पोरगं तर गुळगुळीत हाय. ह्यानं बी तेच पाणी पिलंय की पोटात." माणसं हसली. त्यात वाईट काही नव्हतं, आनंदाचं घर होतं. धाकूही हसला. बाळाकडे बघून त्याला खरंच बरं वाटलं, आणि त्याच क्षणी मनात एक इतकी ओंगळ गोष्ट येऊन गेली की त्याला स्वतःची शिसारी आली. ह्याला काही झालं नाही, मग आपलंच का?

त्यानंतर नऊ दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमाराला, पद्मावती तांदूळ निवडता निवडता उठली आणि तिच्या पायांखालची फरशी ओली झाली. एकोणतिसावा आठवडा चालू होता.

धाकूला फोन गेला तेव्हा मिक्सर चालू होता. तो मशीन तशीच सोडून धावत सुटला. रुग्णवाहिका आली होती. शेवंताकाकी पद्मावतीचा हात धरून आत बसली होती, धाकू मागच्या बाकावर. वाटेत पद्मावती सारखं एकच म्हणत होती, "थांब बाळा. थांब रे. अजून न्हाई." डिचोलीच्या पुढं रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची.

मुलगी झाली. एक हजार ऐंशी ग्रॅम.

लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात धाकूला तिसऱ्या दिवशी आत सोडलं. काचेच्या पेटीत ती होती. त्याच्या तळहाताएवढी छाती, त्यावर चिकटवलेल्या तारा, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. नाकाशी नळी. तोंडातून एक नळी पोटात. त्या नळीतून सिस्टर पद्मावतीचं दूध थेंब थेंब सोडत होत्या. दोन मिलीलीटर, दर दोन तासांनी.

धाकू नळीकडे बघत राहिला. पारदर्शक, बारीक, बोटावर घेतली तर वळेल अशी. त्यानं कारखान्यात सात वर्षं तेच केलं होतं. कुठला पाइप किती मऊ हे त्याला बोट न लावता कळायचं.

"सिस्टर," तो म्हणाला, "ही नळी कशाची हाय?"

"प्लास्टिकची. का?"

"तेल घातल्याबिगर एवढी मऊ व्हत न्हाई ही." त्याचा आवाज चढला. "काढा ती. सिस्टर, काढा. त्यात तेच तेल हाय. मी बनवतो, मला ठावं हाय. तिच्या पोटात जाईल ते."

त्याचा हात पेटीच्या खिडकीकडे गेला. सिस्टरनं तो मनगटाशी धरला, घट्ट. आवाज ऐकून डॉक्टर आले, निखिल नावाचे, तरुण, डोळ्यांखाली काळं झालेले. त्यांनी त्याला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. धाकूनं सगळं सांगितलं, पिंपापासून. डॉक्टर मधे बोलले नाहीत.

"तुमचं चुकीचं नाही," शेवटी ते म्हणाले. "काही नळ्यांत ते असतं. त्या तेलाशिवायच्याही नळ्या निघाल्या आहेत. सलाइनच्या आणि श्वासाच्या नळ्या तुमच्या बाळाला तशाच लावल्या आहेत. दुधाची त्या मापाची आज आमच्याकडे नाही, मागवली आहे. दोन दिवसांत येईल."

"आणि दोन दिवस?"

"दोन दिवस ती हिच्यातूनच पिणार. तिला अजून चोखता येत नाही, गिळता येत नाही. नळी काढली तर ती उपाशी मरेल. तेलानं काय होईल ते मला नक्की सांगता येत नाही. उपाशी राहून काय होईल ते नक्की सांगता येतं."

धाकूनं डोकं दोन्ही हातांत धरलं. ज्याच्यापासून पळायचं तेच तिला जगवत होतं, आणि त्याला आता तेच हवं होतं.

पद्मावती वॉर्डात होती. भिंतीकडे तोंड करून, वाटीत दूध काढत. तो खाटेच्या कडेला बसला.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या पिंपावर कागद व्हता. चित्राचा. धोक्याचं लिवल्याला. मी घरी आणलं तवा मीच त्यो खरवडून काढला. चांगलं दिसावं म्हणून. मी वाचला न्हाई, कुणाला वाचायला दिला न्हाई. काढून टाकला." त्यानं तिच्या पाठीकडे बघितलं. "तुला सांगितलं न्हाई मी. मीच केलं हे. तिन्ही."

पद्मावतीचा हात थांबला. ती वळली नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही खरवडत बसला व्हता. डिंक निघंना. मीच आतनं खोबरेल तेल आणून दिलं, ह्यानं निघतंय म्हणून. इसरला तुम्ही?" ती आता वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तीन दिवसांत सगळं आटून गेल्यासारखी ती दिसत होती. "मी बी बघितलं व्हतं ते चित्र. मला वाटलं, दारूबिरू पिऊ नका असलं कायतरी असंल. मग गटारात टाकला मी त्यो कागद. मे महिन्यापास्नं रोज ते माझ्या डोळ्याम्होरं हाय. तुम्ही बोलंना, म्हणून मी बी बोलंना."

चार महिने दोघं एकाच खोलीत एकच गोष्ट छातीशी धरून झोपत होते, एकमेकांकडे पाठ करून. त्यानं तिच्या हातातली वाटी घेतली. तळाशी दुधाचे जेमतेम चार-पाच थेंब होते.

"हे नेऊन द्या," ती म्हणाली. "दोन तास व्हत आले."

त्यानं नेऊन दिलं.

दुसऱ्या प्रकारची नळी त्यानंतर तिसऱ्या दिवशी आली. त्याच दिवशी बाळाचा श्वास दोनदा थांबला. एकदा सिस्टरनं तळव्यावर टिचकी मारली आणि तो परत सुरू झाला. दुसऱ्यांदा टिचकीनं झाला नाही. काचेबाहेरून धाकूला फक्त पाठी दिसत होत्या, चार-पाच पाठी, आणि त्यांच्या मधून एक इवलासा निळसर पाय. त्यानं भिंतीवर कपाळ टेकलं. देवाचं नाव आठवेना. आठवलं ते मिक्सरचं घुसळणं, तो घुंईऽ आवाज, आणि त्या आवाजात तो मनात एवढंच म्हणत राहिला, घे, घे, घे. पाठी बाजूला झाल्या तेव्हा पाय गुलाबी झालेला होता.

असे एकोणीस दिवस गेले. धाकू कामावर गेला नाही. रुद्रेशचे फोन आले, मग यायचे बंद झाले.

विसाव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आईला ताप आहे, तिला आज आत घेता येणार नाही. बाबा, तुम्ही या. बाळाला छातीवर घ्यायचं. आईबापाच्या उबेनं यांचं वजन वाढतं."

"मी नको," धाकू म्हणाला.

"का?"

"माझ्या अंगात हाय ते. सात वर्षांचं."

सिस्टर म्हणजे पेडण्याच्या एक पन्नाशीच्या बाई होत्या, नर्सिंगमध्येच केस पिकलेल्या. त्यांनी त्याला बेसिनकडे नेलं, साबण दिला. धाकू कोपरापर्यंत धुऊ लागला. धुतलं, परत साबण घेतला, परत धुतलं. नखं घासली. तिसऱ्यांदा साबणाकडे हात गेला तेव्हा सिस्टरनं नळ बंद केला.

"पुरे आता. आणि डॉक्टरांनी तुमका सांगलां ना, ते अंगात राहत नाही म्हणून? वीस दिवस तुम्ही ह्या बाकावर आसात. तुमच्या अंगात आता चहाशिवाय काय आसा?"

त्याला खुर्चीत बसवून सिस्टरनं त्याच्या शर्टाची बटणं सोडली आणि मुलीला उचलून त्याच्या छातीवर उभी ठेवली, वरून कापड गुंडाळलं. तिचं वजन जाणवलंच नाही. जाणवली ती ऊब, आणि मग एक अगदी हलका टकटक आवाज, त्याच्या काळजाच्या दुप्पट वेगानं. धाकूनं श्वास धरून ठेवला.

"श्वास घ्या हो बाबा," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही घेतला की ती पण घेते."

त्यानं घेतला. तो रडत होता हे त्याला कापड ओलं झाल्यावर कळलं.

बावन्नाव्या दिवशी तिला घरी सोडलं. तोवर ती एक किलो आठशे झाली होती, तोंडानं प्यायला लागली होती. डॉ. निखिलनी एक कार्ड दिलं. त्यावर तारखा होत्या, डोळ्यांची तपासणी, कानांची, वजनाची, मेंदूच्या वाढीची. दोन वर्षांपर्यंतच्या तारखा.

"मग दोन वर्सांनी सुटली ती?" पद्मावतीनं विचारलं.

डॉक्टरांनी कार्डावरच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं. "अकाली जन्माचं बरंचसं तोवर कळतं."

"आणि तेलाचं? मोठी झाल्यावर? तिला पोरंबाळं व्हायच्या टायमाला?"

"ताई, ते कुणालाच माहीत नाही. माहीत असतं तर मी सांगितलं असतं."

पद्मावतीनं मान हलवली. तिनं कार्ड पिशवीत ठेवलं. धाकूनं चंदगडला भावाकडे बोलणं केलं होतं. तिथल्या काजूच्या कारखान्यात काम मिळेल असं भाऊ म्हणाला होता, पण नक्की नव्हतं, आणि तिथंही पाणी कशात भरून ठेवतात ते धाकूनं फोनवर विचारलं तेव्हा भाऊ हसला होता. महिनाअखेर मयेची खोली सोडायची एवढं ठरलं होतं.

दवाखान्याच्या दाराशी रिक्षा उभी राहिली. ऊन होतं. पद्मावती आत बसली, मुलीला पदरात घेऊन. रिक्षाला दोन्ही बाजूंनी पावसाचे जाड पारदर्शक पडदे गुंडाळून बांधलेले होते. रिक्षावाल्यानं मागं बघून विचारलं, "वारा लागंल बाळाला. पडदे सोडू काय?"

धाकूनं पडद्याला बोट लावलं. मऊ होता, उन्हानं तापून जास्तच मऊ झालेला.

"नको," तो म्हणाला. "हळू चालवा."

पद्मावतीनं वाऱ्याकडे पाठ केली, पदर मुलीच्या डोक्यावर ओढला आणि तिला आणखी जवळ घेतलं. रिक्षा निघाली.